इम्प्लांटसाठी गाइड हवाच का? आधी तुमच्या जबड्यात चुकीला जागा किती आहे ते बघा

प्रश्न असा आला: "खालची डावी पहिली दाढ तीन वर्षांपूर्वी काढली. आता इम्प्लांट करायचं आहे. एक डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर थ्रीडी प्लॅनिंग करून गाइड छापून घेऊ, मग चूक व्हायचा प्रश्नच नाही आणि टाकेही नाहीत. दुसरे वीस वर्षं इम्प्लांट बसवताहेत. ते म्हणाले, ओपीजी पुरेसा आहे, गाइड म्हणजे नुसता खर्च वाढवणं. दोघंही भले वाटले. कोणाचं ऐकू?"

आधी शब्द. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, ज्यावर नंतर दात चढवतात. गाइड म्हणजे शेजारच्या दातांवर बसणारा साचा, ज्याच्या भोकातून ड्रिल ठरल्या जागी, ठरल्या कलाने जातो. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे. दोघांच्याही बोलण्यात अर्धं खरं आहे. पण त्या जागी तुमचं हाड किती रुंद आहे आणि खालून जाणारी, ओठाला संवेदना देणारी नस किती खोलवर आहे, हे दोघांपैकी कोणीच तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. ती दोन मापं हातात आल्याशिवाय गाइडवरून वाद घालणं म्हणजे कापड न बघता शिलाईवर भांडणं. मी गेली सतरा-अठरा वर्षं इम्प्लांटचं काम करते आहे. पहिली काही वर्षं गाइडशिवाय, मग काही वर्षं गाइडच्या प्रेमात पडून, आणि आता रुग्ण बघून ठरवते. त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर मला चांगलेच ओळखीचे आहेत. मी ते दोघंही होऊन गेले आहे.

'डिजिटल' या एका शब्दात तीन निरनिराळी कामं कोंबलेली असतात. पहिलं बघणं: हाडाचा थ्रीडी स्कॅन आणि दातांचा-हिरड्यांचा स्कॅन. दुसरं ठरवणं: त्या चित्रावर इम्प्लांट कुठे, किती जाड, किती लांब, कुठल्या कलाने. तिसरं, ठरवलेलं तोंडात उतरवणं. यासाठी छापलेला गाइड असतो, कॅमेऱ्याची नॅव्हिगेशन यंत्रणा असते, किंवा डॉक्टरांचा सरावलेला हात असतो. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी तिसऱ्या कामाची जाहिरात केली आणि दुसऱ्यांनी तिसऱ्यासोबत पहिली दोनही मोडीत काढली. माझं मत असं की तिसरं ऐच्छिक असू शकतं. पहिली दोन आज तरी ऐच्छिक राहिलेली नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरांची बाजू आधी घेते, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघता निघेना, तिथून या शास्त्राची सुरुवात झाली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तेव्हा थ्रीडी स्कॅन नव्हता, गाइड छापणं तर दूरच. त्यानंतर कित्येक दशकं जगभर साध्या एक्स-रेवर, बोटांनी हाड चाचपून आणि हिरडी उघडून डोळ्यांनी बघून इम्प्लांट बसले आणि टिकलेही. हिरडी उघडली की हाडाचा वरचा काठ समोर असतो. तो अनुभवी माणसाला बरंच काही सांगतो. ड्रिल टणक थरातून मऊ थरात गेल्याचं हाताला कळतं, आणि ही जाण कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. तेव्हा 'गाइड नको' म्हणणारा डॉक्टर मागासलेला असतो असं समजू नका.

पण 'ओपीजी पुरेसा आहे' हे मला पटत नाही, आणि तुमच्या दाढेच्या बाबतीत तर मुळीच नाही.

ओपीजी म्हणजे वाकडा जबडा सपाट करून काढलेलं चित्र. त्यात लांबी-उंची दिसते, रुंदी दिसत नाही. शिवाय ते चित्र मुळापेक्षा मोठं येतं, साधारण २० ते ३० टक्के, आणि सगळीकडे सारखं मोठं येत नाही. मान जरा पुढे-मागे झाली की प्रमाण बदलतं. पडद्यावर नस १६ मि.मी. खाली दिसली तर प्रत्यक्षात ती १२-१३ मि.मी.वर असू शकते. जुने डॉक्टर ठरावीक मापाची लोखंडी गोळी जबड्याशी ठेवून एक्स-रे काढायचे आणि गोळीच्या चित्रावरून प्रमाण काढायचे. ती युक्ती चांगली आहे, पण तीही रुंदीबद्दल गप्पच.

आणि खालच्या दाढांच्या जागी खरा दगा रुंदीतच असतो. तिथे जबड्याच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला हाडात खळगा असतो. कुणाचा उथळ, कुणाचा चांगला खोल. ओपीजीमध्ये तो दिसतच नाही. हाड कसं भरभक्कम वाटतं. ड्रिल जरा आत कलला की त्या खळग्यातून हाडाबाहेर पडतो. तिथून रक्तवाहिन्या जातात, आणि जिभेखाली रक्त साचत गेलं तर जीभ वर ढकलली जाऊन श्वास अडू शकतो. हे क्वचित होतं. पण ज्या क्वचित गोष्टीला रुग्णवाहिका लागते, तिच्यासाठी आधी बघून घेणं मला जड वाटत नाही.

हा खळगा आणि नस दोन्ही दिसतात सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये. या प्रकारची यंत्रं दातांच्या कामासाठी १९९० च्या दशकाच्या शेवटी आली. डोक्याभोवती एक फेरी, दहा-वीस सेकंद, आणि मग जबड्याचा हवा तिथे आडवा-उभा छेद पडद्यावर. किरणांची भीती बहुतेक जण विचारतात. छोट्या भागापुरता स्कॅन घेतला तर सामान्यतः काही दहा मायक्रोसिव्हर्ट लागतात (हे किरणांच्या डोसाचं माप; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). जमिनीतून, आकाशातून, हवेतून आपल्याला जे नैसर्गिक किरण मिळतात ते जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. म्हणजे हिशेब काही दिवसांचा आहे. मात्र एका दाढेसाठी कवटीएवढा भाग स्कॅन करायला सांगितला तर का, ते जरूर विचारा. डोस शेकड्यांत जाऊ शकतो आणि त्या दाढेबद्दल काडीचीही जास्त माहिती मिळत नाही.

स्कॅनला बसताना एक तुमच्या हातातलं काम: हलू नका. गिळूही नका. सेकंदाच्या त्या हालचालीने नसेची कड धूसर होते, आणि मग धूसर कडेवर मिलिमीटरच्या दशांशाची रेष ओढण्याचा विनोद होतो. शेजारच्या दातांवर धातूच्या कॅप असतील तर तिथून पांढरे-काळे पट्टे उमटतात, त्यानेही तोच घोळ होतो. आणखी एक. कॉम्प्युटरवर हाडाची घनता रंगीत करून दाखवतात, हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे मऊ. हॉस्पिटलच्या सीटी स्कॅनमध्ये अशा आकड्यांना अर्थ असतो. सीबीसीटीचे करडे आकडे यंत्रागणिक, डोक्याच्या स्थितीगणिक बदलतात. त्या रंगांवर फार विसंबू नये.

आता ठरवण्याकडे येते. डिजिटल प्लॅनिंगची खरी कमाई मला इथे दिसते, म्हणून जरा थांबून सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका रुग्णाला वरचा पुढचा दात बसवला होता. हिरडी उघडली, जिथे हाड सगळ्यात जाड दिसलं तिथे इम्प्लांट ठेवला. एक्स-रे सुंदर. चार महिन्यांनी इम्प्लांट घट्ट. मग वर दात चढवायला घेतला तेव्हा लक्षात आलं की इम्प्लांट ओठाच्या बाजूला कललेला आहे. स्क्रूचं भोक दाताच्या दर्शनी भागावर येत होतं. कोनात बसवायचा खास भाग वापरून, सिमेंटने चिकटवून वेळ मारून नेली. पण हसताना तो दात शेजारच्यापेक्षा लांब दिसायचा. रुग्ण सभ्य होता, काही बोलला नाही. हाडाच्या दृष्टीने मी काही चुकले नव्हते, दाताच्या दृष्टीने सगळंच चुकलं होतं.

डिजिटल प्लॅनिंगमध्ये क्रम उलटा असतो. आधी दात, मग इम्प्लांट. तोंडाच्या स्कॅनवर तुमची नवी दाढ पडद्यावर घडवतात: वरच्या दाढेशी कशी मिळेल, शेजाऱ्यांना कुठे टेकेल. मग त्या चित्राखाली सीबीसीटीचं हाड बसवतात. यात डायकॉम (हाडाच्या स्कॅनची) आणि एसटीएल (तोंडाच्या स्कॅनची) अशा दोन निरनिराळ्या फाइली दातांच्या आकारावरून एकमेकींवर जुळवाव्या लागतात. आणि मग दाढेच्या मध्यातून खाली सरळ रेघ ओढल्यासारखा इम्प्लांट ठेवून बघतात, की असा ठेवला तर चारी बाजूंनी हाड उरतं का. नसेपासून २ मि.मी., शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मि.मी., दोन इम्प्लांट शेजारी असतील तर त्यांच्यात ३ मि.मी., गालाच्या बाजूला दीड-दोन मि.मी. जाडीची हाडाची भिंत. ही आमची नेहमीची राखीव अंतरं. ती पाळून दाढेच्या मध्यात इम्प्लांट बसत असेल तर आनंद. बसत नसेल तर शस्त्रक्रियेच्या खुर्चीवर कळण्याऐवजी पडद्यावर आधी कळतं, आणि हाड भरायचं, बारीक इम्प्लांट घ्यायचा, की शेजारच्या दातांवर टेकवलेल्या ब्रिजचाच विचार करायचा, हे शांतपणे ठरवता येतं. मला स्वतःला प्लॅनिंगचा सर्वात मोठा उपयोग असा झाला आहे की काही रुग्णांना मी इम्प्लांट करू नका असं सांगू शकले.

तुमची दाढ जाऊन तीन वर्षं झाली आहेत, त्यामुळे पडद्यावर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतील. मागची दाढ पुढे झुकलेली असू शकते आणि वरची दाढ खाली उतरलेली असू शकते. दाताला समोर जोडीदार उरला नाही की तो जागा शोधत सरकतो. वरची फार उतरली असेल तर नव्या दाढेला उंचीच पुरत नाही. अशा वेळी इम्प्लांट कितीही अचूक बसवला तरी त्यावर चढवलेला दात बुटका आणि कमकुवत होतो. हे हाडाच्या स्कॅनमधून कोणी विचारात घेत नाही, तोंडाच्या स्कॅनवर दाढ घडवली की लगेच उघडं पडतं.

आता एक हिशेब करून दाखवते, म्हणजे 'चूक व्हायचा प्रश्नच नाही' या वाक्याचं वजन कळेल. समजा छेदात काठापासून नसेपर्यंत १३ मि.मी. भरलं. काठाचा वरचा एक मि.मी. निमुळता आहे, तो धरू नये. उरले १२. नसेपासून २ राखले, १० उरले. म्हणजे १० मि.मी.चा इम्प्लांट? बऱ्याच संचांमध्ये ड्रिलचं टोक लिहिलेल्या लांबीपेक्षा थोडं पुढे असतं, काहींत जवळजवळ एक मि.मी. तेवढं राखीवातून गेलं. शिवाय गाइड कितीही चांगला असला तरी त्याची स्वतःची चूक असते. मी अशा जागी ८ मि.मी.चा इम्प्लांट घेते आणि रात्री नीट झोपते. लांब इम्प्लांटच मजबूत ही समजूत जुन्या गुळगुळीत इम्प्लांटच्या काळातली. आताच्या खरखरीत पृष्ठभागाच्या ८ मि.मी.वर माझा भरवसा आहे.

गाइडची स्वतःची चूक किती? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ४७१ रुग्णांमधले २,२३८ गाइडने बसवलेले इम्प्लांट तपासले होते. प्लॅन आणि प्रत्यक्ष यांच्यात सरासरी फरक निघाला तो हाडात शिरतो तिथे १.२ मि.मी., टोकाशी १.४ मि.मी., आणि कलामध्ये ३.५ अंश. सरासरी, म्हणजे काहींत यापेक्षा जास्त. ज्यांचे काही दात शिल्लक आहेत त्यांच्यात फरक कमी होता, पूर्ण बोळक्या तोंडात अधिक. २ मि.मी. राखायला सांगतात ते अशाच फरकांसाठी. ते अंतर कोणी 'गाइड आहे ना' म्हणून वापरून टाकत असेल तर त्याने गाइडचा अर्थच उलटा घेतला.

हा फरक येतो कुठून? एका जागी मोठी चूक होत नाही, पावलोपावली बारीक बारीक साचत जाते. स्कॅनमधल्या सर्वांत लहान ठिपक्याचंच माप ०.१ ते ०.४ मि.मी. असतं. दोन फाइली जुळवताना थोडं. छपाईनंतर रेझिन, म्हणजे गाइडचं प्लास्टिक, प्रकाशात पक्कं करताना ते किंचित आकसतं. निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, ऑटोक्लेव्हच्या, उष्णतेने वाकूही शकतं. गाइडच्या भोकातल्या धातूच्या नळीत, आम्ही तिला स्लीव्ह म्हणतो, ड्रिल फिरायला थोडी सैल जागा ठेवावीच लागते, नाहीतर तो अडकेल. वरच्या त्या सैलपणाचा खाली टोकाशी मोठा फरक होतो. १० मि.मी. लांबीवर साडेतीन अंश म्हणजे टोकाशी ०.६ मि.मी. आणि या सगळ्याच्या वर, गाइड दातांवर पूर्ण बसला आहे की नाही. हीच सगळ्यात मोठी भानगड.

एकदा माझ्या टेबलावर गाइड आला, मॉडेलवर टिचकी मारावी असा घट्ट बसत होता. तोंडात ठेवला तर डुगडुगतोय. मी दाबून बघते, पुन्हा काढून बघते. शेवटी रुग्णाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हां, मध्ये शेजारच्या दातात फिलिंग करून घेतलं, दुखत होतं म्हणून." स्कॅन जुन्या दाताचा, तोंडात नवा दात. केसाएवढा फुगवटा, पण गाइड मागून अर्धा मि.मी. उचललेला. मी तो बाजूला ठेवला, हिरडी उघडली आणि प्लॅनमधली मापं डोळ्यांसमोर ठेवून हातानेच इम्प्लांट बसवला. तो दिवस आठवला की मला वाटतं, गाइड वापरणाऱ्या डॉक्टरला गाइडशिवाय बसवता यायलाच हवं. ज्याला येत नाही त्याच्या हातात न बसणारा गाइड आला तर तो दाबून बसवेल.

तेव्हापासून मी प्रत्येक गाइडला दातांच्या टोकांवर दोन-तीन खिडक्या ठेवायला सांगते. खिडकीतून दात गाइडला टेकलेला दिसला पाहिजे. फट दिसली की काम थांबलं. तुमच्या डॉक्टरांना गाइडला खिडक्या असतात का विचारा. जो मनापासून हे काम करतो त्याचा चेहरा खुलेल.

मागच्या दाढांना आणखी एक अडचण येते आणि ती बऱ्याचदा ऐनवेळी लक्षात येते. गाइडमधून वापरायचे ड्रिल लांब असतात, कारण स्लीव्हची उंची भरून काढायची असते, साधारण १० मि.मी. जास्त. त्यावर हँडपीसचं, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या हातातल्या यंत्राचं, डोकं. एवढं सगळं वरच्या-खालच्या दाढांच्या मधल्या जागेत उभं मावायला हवं. पुढे तोंड ४०-४५ मि.मी. उघडत असलं तरी दाढांपाशी ते त्याहून बरंच कमी उघडतं. मावत नाही म्हटल्यावर ड्रिल तिरका घातला जातो, आणि मग ज्या अचूकतेसाठी एवढा खटाटोप केला ती पहिल्याच मिनिटाला गेली. मी आता पहिल्या भेटीतच बंद हँडपीसला लांब ड्रिल लावून रुग्णाच्या तोंडात धरून बघते. अर्ध्या मिनिटाचं काम. बाजूने उघड्या असलेल्या गाइडमधून ड्रिल आडवा सरकवता येतो, तो एक मार्ग आहे; किंवा फक्त पहिल्या बारीक ड्रिलपुरता गाइड आणि पुढचं हाताने, हा दुसरा. गाइड घ्यायचाच ठरला तर तुमच्या जागी मला दुसरा पुरेसा वाटतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तर ते इजा पावतं, हे १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. खालचा जबडा मुळातच टणक, आणि गाइडमुळे थंड सलाइन ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. उपाय सोपा आहे: ड्रिल सारखा वर-खाली करत राहणं, सहायकाने बाजूने सिरिंजने थंड सलाइन सोडणं, बोथट ड्रिल फेकून देणं. करणारे करतात.

आता 'टाके नाहीत' याविषयी. गाइड वापरला की टाके नसतात, असा काही नियम नाही. टाके टळतात ते हिरडी न उघडता, तिला पंचने गोल भोक पाडून काम केलं म्हणून. त्याने सूज-दुखणं कमी होतं, हे खरं. पण त्या भोकासोबत घट्ट, न हलणाऱ्या हिरडीची एक चकती कायमची जाते. खाली दाढ जाऊन बराच काळ झाला असेल तर अशी घट्ट हिरडी आधीच पट्टीसारखी अरुंद उरलेली असते. दोन-तीन मि.मी.चीच पट्टी असेल आणि त्यातून चार मि.मी.ची चकती काढली तर इम्प्लांटभोवती सैल, ओढली जाणारी हिरडी उरते. ब्रश लागला की दुखतं, मग लोक ब्रश टाळतात, मग तिथे घाण साचते. अशा जागी मी छोटा छेद घेऊन घट्ट हिरडी अर्धी इकडे अर्धी तिकडे सरकवते आणि दोन टाके घालते. एका आठवड्याच्या टाक्यांसाठी ती हिरडी घालवू नये.

मग मी गाइड कधी वापरते? पुढच्या दातांना, जिथे अर्धा मि.मी. इकडे-तिकडे झालं तर हसताना दिसतं. दात काढून त्याच दिवशी इम्प्लांट ठेवायचा असेल तेव्हा, कारण वरच्या पुढच्या दाताच्या खड्ड्यात टाळूकडची टणक भिंत ड्रिलला ओठाकडे ढकलते. मनगट किती घट्ट धरलं तरी ढकलते, आणि गाइडसुद्धा ते पूर्ण थोपवू शकत नाही, म्हणून तिथे दोन्ही लागतात. अनेक इम्प्लांट समांतर हवे असतील तेव्हा. नस किंवा सायनस (वरच्या दाढांच्या वरची हवेची पोकळी) जवळ असेल तेव्हा. पूर्ण बोळक्या तोंडात गाइड हिरडीवर बसतो, हिरडी दबते-सरकते, म्हणून कवळीला खुणेचे ठिपके लावून दोन वेळा स्कॅन घ्यावे लागतात आणि गाइड हाडात पिनांनी रोवावा लागतो. तो वेगळाच पसारा आहे, तुम्हाला लागू नाही.

आणि न वापरण्याची माझी जागा म्हणजे बरोबर तुमच्यासारखी: एकच दाढ, दोन्ही बाजूंना दात शाबूत, हाड रुंद, नस लांब. मात्र 'हाड रुंद, नस लांब' हे सीबीसीटीत बघितल्यानंतर. तसं निघालं तर पूर्ण गाइड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तसं नाही निघालं, खळगा खोल असला किंवा नसेपर्यंत ११-१२ मि.मी.च असले, तर गाइडला खर्च करा, तो वाया जाणार नाही.

नॅव्हिगेशन आणि रोबोटबद्दल लोक उत्सुकतेने विचारतात. नॅव्हिगेशनमध्ये जबड्याला आणि हँडपीसला खुणा लावतात, कॅमेरे त्यांचा माग काढतात आणि ड्रिल कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. प्लॅन जागच्या जागी बदलता येतो आणि तोंड कमी उघडणाऱ्यांना सोयीचं पडतं. पण तोंडाकडे न बघता पडद्याकडे बघून काम करायला हात बराच काळ शिकवावा लागतो. योमी नावाच्या रोबोटिक यंत्रणेला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ती डॉक्टरांचा हात ठरलेल्या रेषेत धरून ठेवते. पुढच्याच वर्षी चीनमध्ये शीआन इथे रोबोटने एका रुग्णाला स्वतःहून दोन इम्प्लांट बसवले. एका दाढेसाठी यातल्या कशाच्याही मागे धावायची गरज नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने मात्र आमचं रोजचं काम खरंच बदललं आहे. सॉफ्टवेअर आता नसेची नळी स्वतःच शोधून रंगवून देतं. बहुतेक वेळा बरोबर. एकदा त्याने नळीऐवजी हाडाच्या आतल्या एका पोकळीतूनच नस पुढे नेली होती, खऱ्या नसेपेक्षा चांगली ३ मि.मी. खाली. छेदाछेदाने बघितलं म्हणून दिसलं. नुसत्या थ्रीडी चित्रात ती नारंगी दोरी अगदी ऐटीत दिसत होती. त्या दोरीवर विसंबून लांब इम्प्लांट निवडला असता तर रुग्णाचा अर्धा ओठ कायमचा बधिर होऊ शकला असता.

यातूनच तुम्ही विचारायला हवा असा प्रश्न निघतो: प्लॅन कोण करतं? बरेच गाइड डॉक्टर स्वतः आखत नाहीत. फाइली प्लॅनिंग करणाऱ्या लॅबला जातात, तिथला तंत्रज्ञ आखणी करून पाठवतो, डॉक्टर बघून मंजुरी देतात. त्यात गैर काही नाही, मीही कामाच्या गर्दीत तसं करते. पण तंत्रज्ञाने तुमचं तोंड बघितलेलं नसतं. तुमची हिरडी पातळ आहे की जाड, तुम्ही रात्री दात खाता का, तोंड किती उघडतं, मधुमेह आवाक्यात आहे का, सिगारेट ओढता का, हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधं चालू आहेत का, शेजारच्या दातांना पायरिया आहे का, यातलं काहीच फाइलमध्ये नसतं. इम्प्लांट निकामी होतात ते बऱ्याचदा याच कारणांनी, आणि तिथे मिलिमीटरचे दशांश मदतीला येत नाहीत. मंजुरीचं बटण दाबण्याआधी डॉक्टरांनी प्लॅन किती बदलला, हे विचारायला अवघड वाटेल, तरी विचारा.

तर तुमच्यापुरतं असं करा. दोघांपैकी कोणाकडेही जा, पण आधी छोट्या भागाचा सीबीसीटी आणि तोंडाचा स्कॅन होऊ द्या. मग डॉक्टरांना पडद्यावर तुमच्या दाढेच्या जागेचा आडवा छेद उघडायला सांगा. नस कुठे, तिच्यापासून इम्प्लांटचं टोक किती दूर, जिभेकडचा खळगा किती खोल, गालाकडे हाड किती जाड, हे चार आकडे त्यांनी बोटाने दाखवून सांगितले पाहिजेत. दुसरे डॉक्टर स्कॅन घ्यायला तयार झाले आणि आकडे सुरक्षित निघाले, तर त्यांच्या वीस वर्षांच्या हाताने गाइडशिवाय बसवून घ्यायला मी माझ्या घरच्या माणसालाही हो म्हणेन. पहिल्या डॉक्टरांना विचारा, गाइड नीट बसला नाही तर तुम्ही काय कराल? उत्तर 'असं होतच नाही' असं आलं, तर मी उठून येईन. 'मग हिरडी उघडून बघून बसवू, नाहीतर थांबू आणि नवा स्कॅन घेऊ' असं आलं, तर बसा.

सीबीसीटीची मूळ फाइल मात्र पेन ड्राइव्हवर मागून घ्या. छापलेल्या कागदावर दुसऱ्या डॉक्टरांना मापं घेता येत नाहीत, आणि मग तोच स्कॅन पुन्हा काढावा लागतो. आणि गाइडचं ठरलं, तर स्कॅन झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्या जबड्यातल्या दातांना कोणाला हात लावू देऊ नका: फिलिंग नाही, कॅप नाही, तारा नाहीत. दुखलंच, करावं लागलंच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, म्हणजे नवा स्कॅन घेऊन गाइड पुन्हा छापता येईल.